बाजारपेठेच्या रस्त्यावर टेबले की गाड्या? छोट्या गावाने निर्णय घेण्याची रीत

बाजारपेठेच्या रस्त्याकडेची दोन मीटर रुंदीची पट्टी ही गावातली सर्वांत जास्त मागणी असलेली जागा असते, आणि तिचे भाडे बहुधा कोणीच भरत नसतो. महाबळेश्वर, पाचगणी, वाई, मालवण यांसारख्या गावांत संध्याकाळी पर्यटक पायी फिरू लागले, की हॉटेलवाल्याला वाटते, दारासमोर चार टेबले मांडता आली तर आत जागा नाही म्हणून परत जाणारी कुटुंबे थांबतील. त्याच वेळी शेजारच्या औषधविक्रेत्याला वाटते, दारासमोर दुचाकी लावायला जागा उरली नाही, तर गिऱ्हाईक पुढच्या चौकातल्या दुकानात जाईल. दोघांचेही म्हणणे खरे असते. तरीही बहुतेक ठिकाणी हा प्रश्न एखाद्या रात्री झालेल्या भांडणानंतर, नगरपरिषदेच्या अतिक्रमणविरोधी पथकाने खुर्च्या उचलून नेल्यावर आणि पंधरा दिवसांनी त्या पुन्हा मांडल्या गेल्यावर जिथल्या तिथे राहतो. असा निर्णय नीट मोजून, कायद्यात बसवून आणि शेजाऱ्यांना विश्वासात घेऊन कसा घेता येईल, हे येथे क्रमाने मांडले आहे. नगरसेवक, व्यापारी संघाचे पदाधिकारी, हॉटेलचालक आणि बाजारपेठेत राहणारे नागरिक या सर्वांना ते उपयोगी पडावे.

आधी रस्ता मोजावा

सभा बोलावण्यापूर्वी टेप घेऊन रस्त्यावर उतरावे. ज्या पट्ट्याचा विचार करायचा आहे, त्याची एका दुकानाच्या पायरीपासून समोरच्या दुकानाच्या पायरीपर्यंतची रुंदी दर 20 मीटरवर मोजावी, कारण जुन्या पेठांतला रस्ता कुठे 12 मीटर असतो आणि पन्नास पावलांवर तोच 8 मीटर होतो. गटाराची झाकणे, विजेचे खांब, रोहित्र, पाण्याचे व्हॉल्व्ह, झाडे, दवाखान्याचे जिने, गाळ्यांमधले बोळ आणि आधीपासून उभ्या राहणाऱ्या हातगाड्या हे सारे नकाशावर काढावे. नकाशा हाताने काढलेला असला तरी चालतो, मात्र त्यावरची मापे खरी हवीत.

यानंतर जागेचा साधा हिशेब करावा. नगररचनेत सर्वसाधारणपणे चारचाकीसाठी 2.5 बाय 5 मीटर आणि दुचाकीसाठी 1 बाय 2 मीटर जागा धरली जाते. रस्त्याला समांतर लावलेल्या मोटारीला आत-बाहेर काढण्यासाठी पुढे-मागे थोडी मोकळी जागा लागते, त्यामुळे प्रत्यक्षात सहा मीटर लांबीची कड एका मोटारीसाठी जाते. तेवढ्याच कडेला आडव्या लावल्या तर सहा दुचाकी बसतात. तेवढ्याच जागेत दोन्ही टोकांना जड कुंड्या आणि वेटरला जाण्यापुरती वाट ठेवून चार-चार माणसांची दोन टेबले मावतात.

आता या सहा मीटरचा एका तासाचा उपयोग पाहू. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपापल्या गावात ते मोजूनच भरावेत. एका मोटारीतून तीन माणसे आली आणि ती दोन तास उभी राहिली, तर त्या जागेने ताशी दीड माणसाची सोय केली. दोन टेबलांवरच्या आठ खुर्च्यांपैकी सहा भरलेल्या असतील आणि प्रत्येक जण पाऊण तास बसत असेल, तर ताशी आठ माणसांची सोय झाली. सहा दुचाकींवरून सरासरी दीड माणूस येत असेल आणि प्रत्येक गाडी वीस मिनिटांत निघत असेल, तर हाच आकडा ताशी सत्तावीसपर्यंत जातो. पण त्याच सहा दुचाकी दुकानांच्या मालकांच्या आणि कामगारांच्या असतील आणि सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत हलत नसतील, तर त्या जागेने अख्ख्या दिवसात सहा-सात माणसांची सोय केली, असे म्हणावे लागते.

टेबले विरुद्ध मोटारी ही परदेशातल्या शहरांची मांडणी आपल्या गावांत जशीच्या तशी लागू होत नाही, ती याच कारणामुळे. आपल्याकडे कडेला उभे राहणारे वाहन मुख्यतः दुचाकी असते, आणि लवकर हलणारी दुचाकी बाजारपेठेच्या दृष्टीने फार उपयोगी असते. जागा अडते ती दिवसभर न हलणाऱ्या गाडीमुळे. ती कोणाची आहे हे कळल्याशिवाय टेबलांच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्यात अर्थ नाही.

गाड्या किती वेळ उभ्या राहतात, हे पाहावे

यासाठी कोणताही सल्लागार नेमण्याची गरज नाही. गावातल्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हे काम उत्तम करू शकतात. तीन दिवस निवडावेत: एखादा साधा मंगळवार किंवा बुधवार, आठवडी बाजाराचा दिवस आणि हंगामातला शनिवार. सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत दर अर्ध्या तासाने दोघांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चालत जावे आणि उभ्या असलेल्या प्रत्येक वाहनाच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहावेत. दोन खांबांमधला भाग हा एक तुकडा धरला, की नोंद सोपी होते. गर्दीत लिहिणे जमत नसेल, तर मोबाईलवर चित्रण करत चालावे आणि आकडे नंतर बसून उतरवून घ्यावेत. क्रमांकांची यादी मात्र कोणालाही दाखवू नये आणि गणना संपल्यावर ती नष्ट करावी, कारण कोणाची गाडी कोणाच्या दारात किती वेळ होती, ही छोट्या गावात नाजूक गोष्ट असते.

या नोंदींतून दोन गोष्टी कळतात. पहिली, कोणत्या वेळी किती जागा भरलेली होती. दुसरी, एकच आकडा किती फेऱ्यांत पुन्हा आला, म्हणजेच गाडी किती वेळ उभी होती. ज्या गाड्या सकाळच्या दुसऱ्या फेरीपासून रात्रीच्या शेवटच्या फेरीपर्यंत प्रत्येक वेळी दिसतात, त्या ग्राहकांच्या नसतात.

पहिल्या आकड्याचा अर्थ लावण्यासाठी कॅलिफोर्नियातील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांची कसोटी फार उपयोगी आहे. शूप यांनी आयुष्यभर पार्किंगच्या अर्थकारणाचा अभ्यास केला. 2025 च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. त्यांचे म्हणणे असे, की रस्त्याकडेच्या सुमारे 85 टक्के जागा भरलेल्या असाव्यात आणि प्रत्येक रांगेत एक-दोन जागा मोकळ्या मिळाव्यात. सगळ्या भरल्या असतील तर पार्किंगचा आकार, म्हणजे शुल्क, कमी आहे किंवा अजिबात नाही, आणि निम्म्या रिकाम्या असतील तर तो जास्त आहे. आपल्या गणनेत संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत चाळीसपैकी तीस जागा भरलेल्या आढळल्या, तर चार जागा टेबलांना दिल्यानंतरही वाहनांची अडचण होत नाही. चाळीसपैकी चाळीस भरलेल्या असतील, तर आधी दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाड्या हलवाव्यात आणि मगच टेबलांचा विचार करावा. हा क्रम उलटा केला, तर सगळा राग टेबलांवर निघतो आणि चांगली कल्पना पहिल्याच आठवड्यात बदनाम होते.

दुकानदारांच्या आणि कामगारांच्या गाड्यांसाठी पाच मिनिटांच्या चालीवर, म्हणजे तीन-चारशे मीटरच्या आत, जागा शोधावी. शाळेचे मैदान सुटीनंतर, देवस्थानाचे आवार, बंद पडलेल्या जकात नाक्याची जागा, नगरपरिषदेचा मोकळा भूखंड असे पर्याय बहुतेक गावांत असतात. तिथे दिवा आणि राखणदार हवा, कारण रात्री साडेनऊला दुकान बंद करून एकटी चालत जाणारी स्त्री कर्मचारी अंधाऱ्या मैदानात गाडी लावणार नाही, आणि तिने ती लावावी अशी अपेक्षाही करू नये.

ग्राहक कसे येतात, हे त्यांनाच विचारावे

दुकानदाराचा अंदाज या बाबतीत अनेकदा चुकतो. ब्रिटनमधील ब्रिस्टल शहरात 2006 मध्ये झालेल्या पाहणीत दुकानदारांना वाटत होते, की 41 टक्के ग्राहक मोटारीने येतात. प्रत्यक्षात तो आकडा 22 टक्के निघाला. जो ग्राहक गाडी लावायला जागा नाही म्हणून कुरकुरतो तो लक्षात राहतो, आणि जो पायी येऊन मुकाट्याने खरेदी करून जातो तो लक्षात राहत नाही, हे त्यामागचे साधे कारण असावे. म्हणून शंभर-दीडशे ग्राहकांना दुकानाच्या दारातच दोन प्रश्न विचारावेत: कसे आलात आणि महिन्यातून किती वेळा येता. पायी, दुचाकी, मोटार, रिक्षा आणि एसटी अशा पाच रकाने असलेल्या कागदावर खुणा केल्या, तरी चित्र स्पष्ट होते.

विक्रीचा आकडा मात्र विचारू नये. गल्ला किती झाला, हे कोणताही व्यापारी कागदावर लिहून देणार नाही आणि दिले तरी ते खरे असेलच असे नाही. त्याऐवजी दर शनिवारी रात्री एवढेच विचारावे, की या आठवड्यात मागच्या आठवड्यापेक्षा बिले जास्त फाडली, तितकीच, की कमी. एवढे उत्तर बहुतेक जण मोकळेपणाने देतात आणि प्रयोगाचा परिणाम समजायला ते पुरते.

रस्ता कोणाचा, परवानगी कोणाची

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण इथे चूक झाली तर पुढचे सगळे वाया जाते. पहिला प्रश्न रस्त्याच्या मालकीचा. गावातला मुख्य रस्ता नगरपरिषदेचा असेलच असे नाही; अनेक ठिकाणी तो राज्यमार्ग किंवा जिल्हामार्ग असतो आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यात असतो. तसे असेल तर त्या विभागाचा ना हरकत दाखला घेतल्याशिवाय नगरपरिषदेच्या ठरावाला किंमत नाही. राष्ट्रीय महामार्ग गावातून जात असेल, तर त्याच्या कडेला टेबले मांडण्याचा विचारच करू नये.

दुसरा प्रश्न वाहतुकीचा. वाहने कुठे उभी करावीत, कुठे करू नयेत आणि कोणत्या वेळी रस्ता बंद ठेवावा, हे मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 115 ते 117 नुसार ठरते. पोलीस आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यांत अशी अधिसूचना सहसा जिल्हाधिकारी कार्यालयातून निघते आणि तिच्यासाठी पोलीस ठाण्याचा व वाहतूक शाखेचा अहवाल मागवला जातो. ज्या गावांत सम-विषम तारखेची पार्किंग पद्धत आहे, तिथे टेबलांची बाजूही तारखेनुसार बदलणार का, हे अर्जातच स्पष्ट करावे. टेबले रोज बाजू बदलू शकत नाहीत, म्हणून त्या तुकड्यापुरती सम-विषम पद्धत रद्द करून घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

तिसरा प्रश्न जागावापराचा. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 खाली सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना वस्तू मांडणे हे अतिक्रमण ठरते. त्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव, हरकती व सूचना मागवणारी जाहीर नोटीस आणि मुख्याधिकाऱ्यांच्या सहीची, मुदत लिहिलेली परवानगी या तिन्ही गोष्टी हव्यात. नगरसेवकाने तोंडी दिलेला होकार ही परवानगी नव्हे. ज्या हॉटेलचालकाने तेवढ्यावर विसंबून लाकडी चौथरा बांधला, त्याचे नुकसान कोणी भरून देत नाही.

चौथा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हातगाडीवाल्यांचा आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा 2014 चा केंद्रीय कायदा असे सांगतो, की नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. ज्या कडेला वीस वर्षे एक बाई कणीस भाजून विकत आहे, ती कड हॉटेलच्या टेबलांसाठी मोकळी करणे, हे या कायद्याच्या शब्दांना आणि हेतूला दोन्हीला धरून नाही. टेबले देताना गाड्यांची जागा कमी करावी. हातगाड्यांची करू नये. जागा आखताना आधी नोंदणीकृत विक्रेत्यांची ठिकाणे नकाशावर पक्की करावीत, मग वाहनांची, आणि शेवटी टेबलांची. विक्रेत्याला हलवणे अगदीच अपरिहार्य असेल, तर तो विषय समितीपुढे नेऊन तिच्या संमतीनेच करावा.

वेळेची वाटणी

जागा कायमची कोणाला द्यावी यावर वाद घालण्यापेक्षा वेळ वाटून घेणे आपल्या समाजाला जास्त जमते, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याला चांगले आधार आहेत. इंदूरच्या सराफ्यात दिवसभर सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. दुकाने बंद झाली, की त्याच पायऱ्यांसमोर खाद्यपदार्थांची दुकाने लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी असते. अहमदाबादच्या माणेक चौकातही दिवसा सराफी व्यवहार आणि रात्री खाणे, अशी वाटणी आहे. रात्रीच्या गर्दीमुळे बंद दुकानांची राखण आपोआप होते, असे या बाजारांबद्दल आवर्जून सांगितले जाते.

आपल्या गावासाठी याचा अर्थ असा, की सकाळी दहापर्यंत कड मालाच्या टेम्पोंची आणि हमालांची असावी, दहा ते सहा या वेळेत ती ग्राहकांच्या गाड्यांची असावी, आणि त्यातही अर्ध्या तासाची मर्यादा पाळली जावी. सहानंतर ठरावीक तुकड्यांपुरती ती टेबलांची व्हावी. कापडाचे, हार्डवेअरचे आणि बी-बियाण्यांचे दुकान लवकर बंद होते; त्यांच्यासमोरची जागा सातनंतर तशीही रिकामी होते. औषधाचे दुकान, दवाखाना आणि रुग्णालय यांच्यासमोर मात्र कोणत्याही वेळी टेबले नकोत. रात्री आठ वाजता ताप आलेल्या लेकराला कडेवर घेऊन आलेल्या बापाला रिक्षा दाराशीच थांबवता आली पाहिजे.

वेळेच्या वाटणीमुळे एक अट आपोआप येते: टेबले उचलता येणारी असावीत. घडीच्या खुर्च्या, घडीची टेबले आणि चाकांवरच्या कुंड्या एवढेच सामान हवे. चौथरा, पत्र्याची शेड, सिमेंटचा ओटा यांना परवानगी देऊ नये. न्यूयॉर्कमध्ये 2020 च्या साथीच्या काळात हॉटेलांना रस्त्यावर बसण्याची सोय करायला तातडीने मुभा दिली गेली आणि हजारो हॉटेलांनी पार्किंगच्या जागेत शेड उभारल्या. हॉटेले तगली, पण बऱ्याच शेड पुढे ओस पडल्या आणि उंदीर, कचरा व आवाज यांच्या तक्रारी वाढल्या. 2024 मध्ये लागू झालेल्या नियमांनी रस्त्यावरच्या बैठकीसाठी 1 एप्रिल ते 29 नोव्हेंबर असा हंगाम ठरवला आणि हिवाळ्यात ती काढून घेणे बंधनकारक केले. सॅन फ्रान्सिस्कोचा मार्ग वेगळा होता. तिथे 2005 मध्ये काही कलावंतांनी पार्किंगच्या मीटरमध्ये नाणी टाकून एका गाडीची जागा काही तास हिरवळ आणि बाक मांडून वापरली, आणि त्या छोट्या प्रयोगातूनच पुढे 2010 मध्ये शहराने अशा बैठकींसाठी अधिकृत परवाने द्यायला सुरुवात केली. छोट्या, उचलता येणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करणे आपल्यालाही परवडणारे आहे.

आपला हंगाम अर्थातच उलटा आहे. दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत टेबले ठेवावीत आणि पावसाळ्याचे चार महिने कड पूर्ण मोकळी ठेवावी. घाटमाथ्यावर आणि कोकणात जून ते सप्टेंबर गटारे तुडुंब वाहतात. त्यावर एखादी फळी टाकून खुर्ची मांडली, तरी पालापाचोळा अडकून पाणी दुकानांत शिरते. ग्रामदैवताची यात्रा, पालखी, उरूस, गणेश विसर्जन आणि निवडणुकीची मिरवणूक यांचे दिवस परवानगीतच लिहून ठेवावेत, म्हणजे त्या दिवशी कोणाला सांगायला जावे लागत नाही.

प्रत्यक्ष आखणी

परवानगी मिळाल्यानंतर रंगाने पट्टे आखावेत. पदपथ असेल तर त्यावर एकही खुर्ची येता कामा नये. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर किमान 1.8 मीटर सलग मोकळी रुंदी हवी, म्हणजे चाकाची खुर्ची वापरणाऱ्या दोन व्यक्ती एकमेकींना ओलांडून जाऊ शकतात. टेबलांची जागा पदपथाच्या पलीकडे, वाहने उभी राहतात त्या पट्टीतच असावी. पदपथच नसेल, आणि आपल्या जुन्या पेठांत तो नसतोच, तर दुकानांच्या पायऱ्या आणि टेबले यांच्यामध्ये तेवढीच पायवाट आखून ठेवावी. वाहत्या रस्त्याच्या बाजूला मातीने भरलेल्या जड कुंड्या आणि त्यांवर परावर्तक पट्ट्या लावाव्यात; नुसती दोरी बांधून मुलांना रस्त्याला पाठ करून बसवणे धोक्याचे आहे. चौकापासून आणि वळणापासून पुरेसे अंतर सोडावे, नाहीतर वळणाऱ्या वाहनाला रस्ता ओलांडणारा माणूस दिसत नाही. चौकाजवळची ती मोकळी जागा सायकलींसाठी वापरावी.

यानंतर करायची परीक्षा कधीही टाळू नये. सगळी टेबले, खुर्च्या आणि कुंड्या मांडून झाल्यावर, त्यांवर माणसे बसलेली असताना, अग्निशमन दलाचा बंब त्या रस्त्यावरून चालवून पाहावा. बंबाची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते, पण आरसे, वळण आणि वर लोंबणाऱ्या तारा यांमुळे त्याला लागणारी जागा बरीच जास्त असते. एकदिशा रस्त्यावर चार मीटरपेक्षा कमी मोकळी वाट ठेवू नये, असे मी सुचवीन. अग्निशमन अधिकाऱ्याने जास्त मागितली तर तीच अंतिम मानावी. चालकाला एकदाही मागे घ्यावे लागले, तर तिथली टेबले लगेच काढावीत. कागदावरच्या आखणीपेक्षा या एका फेरीतून जास्त कळते, आणि ती पाहायला सगळी पेठ दारात उभी राहत असल्याने पुढे कोणी खुर्ची दोन वीत पुढे सरकवली, तर शेजारीच त्याला हटकतात.

स्वयंपाक, गॅसची टाकी आणि तळणाची कढई आतच राहावी. रस्त्यावर फक्त वाढणे आणि खाणे व्हावे. खरकटे पाणी गटारात ओतणाऱ्याची परवानगी पहिल्याच वेळी आठ दिवसांसाठी थांबवावी. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या कुटुंबांचा विचार बहुधा कोणी करत नाही. बाजारपेठेत दुकानावर घर असते. तिथे दहावीची मुलगी अभ्यास करत असते आणि आजारी आजोबा झोपायचा प्रयत्न करत असतात. म्हणून बाहेर गाणी लावू नयेत, रात्री दहा वाजता शेवटची मागणी घ्यावी आणि साडेदहापर्यंत खुर्च्या घडी करून आत न्याव्यात. लोखंडी खुर्च्या फरशीवरून ओढल्याचा आवाज तक्रारींचे मोठे कारण ठरतो. पायांना रबरी टोप्या लावण्याची अट परवानगीत घातली, तर हा त्रास सुरुवातीलाच टळतो.

भाडे किती घ्यावे

सार्वजनिक जागा फुकट देऊ नये आणि लहान हॉटेलचालकाला परवडणार नाही इतकी महागही करू नये. हिशेब असा करता येतो: पे-अँड-पार्क असेल तर त्या तासांत त्या जागेतून जेवढे उत्पन्न मिळाले असते, त्यापेक्षा भाडे कमी नसावे, पार्किंग मोफत असेल, तर त्याच रस्त्यावरच्या नगरपरिषदेच्या गाळ्याचा चौरस मीटरचा दर घेऊन तो वापराच्या तासांच्या प्रमाणात कमी करावा. भाडे महिन्याचे असावे आणि फक्त स्वतःच्या दुकानाच्या रुंदीएवढीच जागा मिळावी. शेजाऱ्याच्या दारासमोरची जागा हवी असेल, तर त्याची लेखी संमती जोडावी. एका मोठ्या हॉटेलने लिलावात सगळी कड उचलली, असे होऊ देऊ नये. म्हणून लिलाव नकोच, ठरलेला दर हवा.

मिळालेला पैसा कुठे खर्च होतो, यावर व्यापाऱ्यांचे सहकार्य अवलंबून असते. कॅलिफोर्नियातील पासाडीना शहराच्या जुन्या पेठेत 1993 मध्ये पार्किंगचे मीटर बसवताना व्यापाऱ्यांचा विरोध होता. त्या मीटरचे उत्पन्न त्याच पेठेच्या पदपथांवर, दिव्यांवर आणि सफाईवर खर्च करायचे ठरल्यावर तो मावळला. आपल्याकडेही टेबलांचे भाडे आणि पार्किंगचा आकार स्वतंत्र लेखाशीर्षाखाली ठेवून त्यातून त्याच रस्त्याचे दिवे, स्वच्छतागृह आणि लांबच्या वाहनतळावरचा राखणदार यांचा खर्च भागवावा, आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च चौकातल्या फलकावर लावावा.

सभा आणि प्रयोग

सर्वांची एकत्र सभा सुरुवातीलाच घेऊ नये. मोठ्या सभेत मोठ्या आवाजाची माणसे बोलतात. आधी हॉटेलचालक, इतर दुकानदार, पथविक्रेते, वरच्या मजल्यांवरचे रहिवासी आणि रिक्षावाले यांना वेगवेगळे भेटावे, गणनेचे आकडे दाखवावेत आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारावी: कोणती अडचण दूर झाली तर तुम्हाला हे चालेल? “माझ्या दारात नको” म्हणणाऱ्या दुकानदाराची खरी अडचण अनेकदा एवढीच असते, की साडेसहाला येणारा माल उतरवायला जागा हवी. ती वेळ सांभाळली, की तो विरोधक राहत नाही. या भेटींनंतर एकत्र सभा घ्यावी आणि तिचे इतिवृत्त सर्वांच्या सह्यांनी लिहावे.

पुण्यात 2021 पासून 11 डिसेंबरच्या पादचारी दिनाला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवला जातो. अशा एका दिवसाने लोकांना कल्पना येते, पण व्यापारावर काय परिणाम होतो हे कळायला तो अपुरा आहे, कारण त्या दिवशी येणारी गर्दी उत्सवाची असते. प्रयोग किमान सहा आठवड्यांचा असावा, त्यात हंगामाचे आणि मंदीचे असे दोन्ही दिवस यावेत, आणि त्याची अखेरची तारीख सुरुवातीलाच जाहीर केलेली असावी. एकाच तुकड्यावर, तीन-चार हॉटेलांपुरता, कुंड्या आणि रंग एवढ्याच खर्चात तो करता येतो. या काळात गाड्यांची गणना पुन्हा तशीच करावी, शनिवारचा बिलांचा प्रश्न चालू ठेवावा, आणि शेजारच्या गल्ल्यांत गाड्यांची गर्दी वाढली का, हेही मोजावे; कारण मुख्य रस्ता मोकळा झाला आणि मागच्या आळीतल्या घरांची दारे अडली, तर त्याला यश म्हणता येणार नाही.

प्रयोग कशाने थांबवायचा, हेही आधीच लिहून ठेवावे. रुग्णवाहिका किंवा बंब एकदाही अडकला तर तो तुकडा त्याच रात्री बंद. सलग तीन आठवडे निम्म्याहून अधिक दुकानदारांनी बिले कमी झाल्याचे सांगितले तर वेळ किंवा जागा कमी करून पुन्हा पाहणी. एखाद्या हॉटेलने तीन वेळा रेषा ओलांडली तर फक्त त्याचीच परवानगी रद्द. सहा आठवड्यांनंतर आकडे सर्वसाधारण सभेपुढे ठेवावेत आणि परवानगी एका हंगामापुरतीच वाढवावी. 31 मे रोजी ती आपोआप संपावी, पट्टीवरच्या कुंड्या नगरपरिषदेच्या बागेत हलवाव्यात, गटारांची सफाई करून घ्यावी, आणि पुढच्या हंगामाचे अर्ज सप्टेंबरात नव्या गणनेच्या आकड्यांसह मागवावेत.